दुष्काळाचं प्रशिक्षण नेमकं कोणाला द्यायचं?

काळी_कसदार (औसा):
मे महिन्यात आमच्या गावात शाश्वत शेती आणि दुष्काळाची पूर्वतयारी यावर दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. एका बाजूला कॉलेजची पोरं, दुसऱ्या बाजूला खातेदार. सातबारावर ज्यांची नावं, त्यातले बरेच पुण्याला राहतात, सहीपुरते आले. त्यांच्या रानात तिफण धरणारा बटईदार, म्हणजे वाट्यानं शेती कसणारा, त्या दिवशी दुसऱ्याच्या कामावर होता.

माझं मत स्पष्ट आहे. पेरणी कधी करायची हे जो ठरवतो त्याला शिकवा, आणि शिकवा जून-जुलैत, रानात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका, हे सगळ्यांना पाठ आहे. पण आपल्या शिवारात किती पडला हे मोजतो कोण? महसूल मंडळाचा आकडा कुठल्या तरी लांबच्या गावचा. शाळेत पर्जन्यमापक बसवा. आठवी-नववीच्या पोरांनी रोज सकाळी साडेआठला मोजून फळ्यावर लिहावं. १ मिलिमीटर म्हणजे एकरी जवळपास ४ हजार लिटर, हा हिशेब पोरं सहज करतात. घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवले तेही त्यांनीच मोजावं. ७० च्या खाली आले तर बियाणं वाढवायचं. एवढ्यानं निम्म्या दुबार पेरण्या टळतील असं मला मनापासून वाटतं.

बालाघाटचा_माणूस (केज):
अजिबात पटलं नाही. शिकवण्याची कमी कुठे आहे? परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, कृषी विज्ञान केंद्रं आहेत, रावेचे कृषिदूत, म्हणजे गावात राहून काम शिकणारे कृषी कॉलेजचे विद्यार्थी, दरवर्षी येतात, पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात शेतीशाळा झाल्या. तरी २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. मांजरा खोऱ्यात ऊस कोणी आणि का वाढवला, हे आधी बोला. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, बाजारात त्याच्याही खाली विकावं लागलं. असा भाव मिळणाऱ्याला ऊस लावू नको म्हणून कोणत्या तोंडानं सांगता? आणि बापाच्या शेतीचं ओझं नववीतल्या पोरावर टाकू नका.

काळी_कसदार:
उसाचं खरं आहे, त्यावर माझा वाद नाही. पण भाव पडला म्हणून दुबार पेरणीचा खर्च कमी होत नाही, उलट जास्त टोचतो. जालन्याचं कडवंची बघा. पाणलोटाचं काम गावानं माथ्यापासून पायथ्यापर्यंत केलं, मग शेततळी आणि द्राक्षं आली. सल्ला देणारं कृषी विज्ञान केंद्र वर्षानुवर्षं सोबत राहिलं. दोन दिवसांत सही घेऊन गेलं नाही.

कोरडवाहू_ताई (परभणी):
दोघंही बायांचं नाव घेईनात. पुढच्या वर्षीचं बी निवडून, वाळवून, पोत्यांची थप्पी उंच न लावता जपून ठेवते कोण? खुरपणी, वेचणी कोणाची? सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, म्हणून बोलावणं त्यांना. वर प्रशिक्षण सकाळी अकराला, म्हणजे आमचा रोज बुडाला. बायांना त्या दिवसाची मजुरी द्या, नाहीतर संध्याकाळी घ्या. बटईदाराचंही तेच आहे. रोज बुडवून तो कशाला येईल?

बालाघाटचा_माणूस:
ताईंचं शंभर टक्के मान्य. पण माझी अडचण तीच. रुंद वरंबा सरीनं पेरलं, म्हणजे रुंद गादीवर पीक आणि दोन्ही बाजूंना सरी, की पावसाच्या खंडात ओल टिकते आणि जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, हे मला तीन वर्षांपासून माहीत आहे. गावात तो पेरणीयंत्राचा ट्रॅक्टर एकच. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, राहतो दोन-तीन दिवस, माझा नंबर सहाव्या दिवशी. शेवटी तिफणीनंच पेरलं. मला काय शिकवायचं राहिलंय सांगा.

काळी_कसदार:
तुम्हाला काही नाही. मग प्रशिक्षणाच्या मांडवाचा आणि जेवणाचा पैसा दुसऱ्या पेरणीयंत्रात घाला, हे मी मानतो. तोवर एक करता येईल. साध्या पेरणीत पिकाच्या दर चार ओळींनंतर एक सरी पाडायची. बैलाच्या कोळप्याला दोरी गुंडाळूनही पडते. आमच्या बटईदारानं गेल्या आगाटात, म्हणजे खरिपात, केलं होतं. ऑगस्टच्या उघडिपीत त्याचं सोयाबीन शेजारच्यापेक्षा उशिरा सुकलं. पर्जन्यमापकाचं मात्र सोडत नाही. सोमवारी मुख्याध्यापकांना भेटतोय.