मदत हवी आहे: वन्यजीव ओळखायला प्रत्यक्ष शिकवणारी कार्यशाळा कशी निवडायची?

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी वन्यजीव ओळखीची दोन दिवसांची कार्यशाळा केली. पावणेदोन दिवस स्लाइड्स, तासभर फेरफटका, शेवटी प्रमाणपत्र. (कागद मात्र छान जाड आहे.) महिन्याभराने एका पायवाटेवर तळहाताएवढा ठसा दिसला. नखांच्या खुणा नव्हत्या, म्हणून मी छातीठोकपणे मार्जारकुळातला मोठा प्राणी असल्याचं जाहीर केलं आणि ग्रुपवर फोटोही टाकला. सोबतचे एक काका उकिडवे बसले, जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, कुत्रा आहे. कडक जमिनीवर जेमतेम धूळ, त्यात नखं कुठून उमटणार?" ग्रुपवरचा फोटो काढेपर्यंत चाळीस जणांनी पाहिला होता.

आता दोन कार्यशाळा समोर आहेत. एक ठसे, विष्ठा आणि इतर खुणांची, दुसरी प्राणीगणनेची, म्हणजे ट्रान्झेक्ट (ठरलेल्या रेषेवरून चालत दिसलेले प्राणी मोजणं) आणि कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा). पुढे स्वयंसेवक म्हणून उपयोगी पडायचं आहे. आधी कुठली करू? पैसे भरण्याआधी आयोजकांना काय विचारू? आणखी एका जाहिरातीत 'पहिल्याच दिवशी पक्षी हातात घ्या' असं लिहिलंय. ते कितपत खरं मानायचं?

टिटवी: ताई, हा कुत्रा आम्हा सगळ्यांना एकदा भेटलेला आहे. नखांवर भिस्त ठेवू नका. चित्त्याची नखं उमटतात, तोही मार्जारकुळातलाच. तळव्याची मोठी गादी बघा. मांजरकुळात तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतात आणि पुढची कड मधोमध किंचित दबलेली असते. कुत्र्याची गादी पुढे निमुळती होते, आणि बोटं व गादी यांच्यामधल्या मोकळ्या जागेत फुलीसारखी आकृती दिसते. एकाच ठशावर निकाल देऊ नका, दहा पावलं मागे-पुढे चालून बघा. चालताना मागचा पाय बरेचदा पुढच्याच्या ठशावर पडतो, मग लांबट, जादा बोटांचा विचित्र प्राणी तयार होतो!

आयोजकांना एकच विचारा: मैदानात आमची परीक्षा घेणार का? दक्षिण आफ्रिकेत 1994 साली सुरू झालेली सायबरट्रॅकर या संस्थेची माग काढणाऱ्यांची चाचणी तशीच चालते. परीक्षक जमिनीवरच्या खुणेभोवती वर्तुळ काढतो, 'हे कोणाचं?' विचारतो आणि चुकलात तर का चुकलात ते तिथेच दाखवतो. असा चुकलेला ठसा जन्मभर विसरत नाही.

सायाळ: आधी खुणांची करा, डोळे झाकून. कॅमेरा कुठल्या वाटेवर लावायचा हे ठसे आणि विष्ठाच सांगतात. मी उलटं केलं. माझ्या पहिल्या कॅमेऱ्यात हजारावर फोटो आले, सगळे गवताचे. त्याचा सेन्सर उष्णतेतला फरक आणि हालचाल टिपतो, त्यामुळे उन्हात तापलेलं गवत डोललं तरी तो फोटो काढत सुटतो. समोरचं गवत कापायचं, सूर्याकडे तोंड करायचं नाही आणि लावल्यावर स्वतः गुडघ्यांवर रांगत समोरून जायचं. हसू येतं, पण जमिनीलगतचा प्राणी टिपला जाईल का हे तेव्हाच कळतं. पट्टेरी प्राणी असेल तर वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे हवेत, कारण डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात.

गणनेच्या कार्यशाळेत दिसलेला प्राणी किती अंतरावर आहे ते मोजायला रेंजफाइंडर देतात का, तेही विचारा. अंदाजाने सांगितलं की सगळे प्राणी दहा, वीस, पन्नास मीटरवरच उभे राहतात.

शेवाळ: पक्षी हातात देणाऱ्यांपासून लांब राहा. जाळी लावून पक्षी पकडणं आणि ओळखीसाठी पायात कडी घालणं हे परवान्याचं काम आहे, आणि जाणत्या माणसाच्या हाताखाली बरेच दिवस घालवल्यावरच ते जमतं. पकड चुकली तर पक्ष्याचा श्वास कोंडतो. सापांचंही तेच. विष्ठेलाही उघडा हात लावू नका, तिच्यातून परजीवी येऊ शकतात. काडीने फोडून केस, हाडं, बिया बघा.

तोवर घरचा अभ्यास: ओल्या मातीत स्वतःचा ठसा उमटवा आणि रोज सकाळी त्याचा फोटो काढा. सोबत पट्टी ठेवा, कॅमेरा बरोबर वरून धरा, ऊन तिरपं असू द्या. कड कधी ढासळते, मुंगी कधी आडवी जाते, ते टिपून ठेवा.

धागाकर्ती: खूप आभार! दोन्हीकडे फोन केला. पाऊस आला तर काय, असंही विचारलं. गणनावाले म्हणाले, हॉलमध्ये स्लाइड्स दाखवू. खुणांवाल्या बाई म्हणाल्या, "बरंच होईल की, पावसाआधीचा ठसा कुठला आणि नंतरचा कुठला, ते बघता येईल." त्यांच्याकडे नाव नोंदवलं. मातीतला माझा ठसा आज तीन दिवसांचा झाला, टाचेची कड गेली.