मदत हवी आहे: आजोबा नुकतेच गेलेत, पावणेपाच वर्षांच्या मुलीला 'कोको' दाखवावा का?

केवडा (धागाकर्ती)

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत नणंद तिच्या दोन मुलांना घेऊन आमच्याकडे मिरजेला येणार आहे. भाचे नऊ आणि अकरा वर्षांचे. वसुबारसेच्या रात्री सगळ्यांनी मिळून पिक्सारचा 'कोको' बघायचा, असं त्यांनी फोनवरच ठरवून टाकलंय. माझी मुलगी पावणेपाच वर्षांची आहे आणि दादा जे करतील ते तिला करायचंच असतं.

अडचण अशी की आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, आषाढात गेले. मुलीचा दिवस त्यांच्याबरोबरच जायचा. सकाळी दोघं दूध आणायला जायची, संध्याकाळी स्टेशनवर गाड्या बघायला. एके दिवशी आबा दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत, एवढंच तिला कळलंय. घरात कुणीतरी 'आबा लांबच्या गावाला गेले' असंही सांगून ठेवलंय. बाहेरच्या खोलीत त्यांचा हार घातलेला फोटो आहे. त्याच्यासमोर उभी राहून 'आबा यातून खाली कधी उतरणार?' असं विचारते. दहाव्याला तिला घाटावर नेलं नव्हतं, पण 'कावळा शिवला' हे मोठ्यांच्या बोलण्यातून कानावर पडलं. तेव्हापासून गच्चीवर कावळा बसला की आत येऊन सांगते, आबा येऊन गेले.

मी चित्रपट बघितलेला नाही. मेक्सिकोतला एक मुलगा मेलेल्या माणसांच्या दुनियेत जातो, तिथे सगळे सांगाडे असतात आणि घरात फोटो मांडला की गेलेली माणसं भेटायला येतात, एवढं वाचलंय. ते फोटोचं वाचल्यापासून मला चैन नाही. शिवाय भाचे इंग्रजीत बघणार आणि हिला इंग्रजी कळत नाही.

तुमच्यापैकी कुणी एवढ्या लहान मुलाला दाखवला असेल तर कृपया सांगा. कथा उघड झाली तरी चालेल. आगाऊ धन्यवाद.

ओसरी

आम्ही मुलाला सहाव्या वर्षी दाखवला. सांगाड्यांची काळजी तुम्हाला वाटते तेवढी करू नका. त्यांना डोळे आहेत, केस आहेत, भरतकाम केलेले कपडे आहेत. मुंडकं निखळलं की परत बसवतात. पाच मिनिटांत मूल ते सांगाडे आहेत हे विसरतं. आमचा मुलगा घाबरला तो वेगळ्याच ठिकाणी. पेपिता नावाचा पंखांचा प्रचंड वाघासारखा प्राणी आहे. तो चांगल्या बाजूचा असतो, पण सुरुवातीला पाठलाग करतो आणि डरकाळ्या फोडतो. तेव्हा हा माझ्या मागे लपला. दुसरं म्हणजे मिगेलची, त्या मुलाची, बोटं हळूहळू हाडांची होत जातात. सूर्य उगवायच्या आत परत गेला नाही तर तो पूर्ण सांगाडा होणार असतो. ते बघून मुलगा कितीतरी वेळ स्वतःचे हात न्याहाळत होता.

एका माणसावर मोठी घंटा पडते, तीही दोनदा. रक्त कुठेच नाही.

तिसरी घंटा

प्रमाणपत्राबद्दल लिहितो. अमेरिकेत 'कोको'ला पीजी आहे, म्हणजे आईवडिलांनी विचार करून दाखवावा. ब्रिटनमध्येही पीजी, आणि तिथलं मंडळ स्पष्ट सांगतं की पीजी चित्रपटाने साधारण आठ वर्षांचं मूल अस्वस्थ होऊ नये. त्याखालच्या मुलांचं त्यांनी पालकांवर सोडलंय. आपल्याकडे २०२३ च्या कायदादुरुस्तीने यूएचे, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या प्रमाणपत्राचे, तीन भाग केले: ७+, १३+ आणि १६+. म्हणजे पावणेपाचचं मूल कुठल्याच पाटीच्या हिशेबात नीट बसत नाही.

आणि पाटी काय मोजते तेही बघा. 'लायन किंग' (१९९४) आणि 'फाइंडिंग निमो' (२००३) या दोघांना अमेरिकेत जी आहे, सर्वांसाठी. पहिल्यात मुलाच्या डोळ्यांसमोर बाप मरतो, दुसऱ्यात पहिल्या काही मिनिटांतच आई जाते. २०१४ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात या विषयावर अभ्यास आला होता. मुलांचे ४५ ॲनिमेशनपट आणि मोठ्यांचे ९० चित्रपट ताडून पाहिले, तर महत्त्वाच्या पात्राचा मृत्यू मुलांच्या चित्रपटांत जास्त वेळा आढळला. तेव्हा पाटीवरून तुमच्या घरच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. ताई, आधी एकटीने पूर्ण बघा. १०५ मिनिटांचा आहे.

गोष्टीवेल्हाळ

मी बालवाडीत शिकवते. या वयाची मुलं दिसण्याला घाबरतात. चेहरा भेसूर असेल तर तो माणूस कितीही प्रेमळ असो, त्यांना भीतीच वाटते. उलट, मोठ्यांना हादरवणारी गोष्ट साध्या चेहऱ्याने सांगितली तर ती त्यांच्या डोक्यावरून जाते. 'अगं, हे खोटं आहे' याचा चार-पाच वर्षांच्या मुलाला फारसा उपयोग होत नाही. मांडीवर घेणं, हातात गोधडीचं टोक देणं, दिवा चालू ठेवणं, याने होतो. नऊ वर्षांच्या भाच्याला समजावून सांगितलेलं पुरेल, तिला नाही पुरणार.

पण मला चित्रपटाहून तुमचं 'लांबच्या गावाला गेले' हे जास्त खटकलं. रागावू नका, सगळ्या घरांत असंच सांगतात. पाचएक वर्षांपर्यंत मुलांना मरण म्हणजे कुठेतरी जाणं वाटतं आणि गेलेला माणूस परत येतो, हे त्यांचं रोजचं जगणं असतं. बाबा ऑफिसला जातात, परत येतात. आबांचंही तसंच होणार, असं ती धरून चाललीय. उद्या तिचे बाबा खरंच गावाला निघाले की ती दारात आडवी पडेल. 'आबांचं शरीर चालायचं थांबलं, ते आता परत येणार नाहीत, आपल्याला त्यांची आठवण येते' असं साध्या शब्दांत सांगा. एकदा सांगून होणार नाही. ती पन्नासदा विचारेल आणि पन्नासदा तेच उत्तर द्यावं लागेल.

केवडा

गोष्टीवेल्हाळ ताई, रागावले नाही. वाचून थोडा वेळ बसून राहिले. 'गावाला गेले' हे माझ्या सासूबाईंनी सांगितलंय आणि त्या स्वतःच अजून सावरलेल्या नाहीत. पण तुमचं म्हणणं पटलं. त्यांच्याशी बोलते.

आज रात्री चित्रपट बघणार आहे.

नदीपार

आम्ही अमेरिकेत, सॅन अँटोनिओत राहतो. इथे मेक्सिकन वस्ती मोठी आहे. १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो. घरोघरी ओफ्रेंदा मांडतात, म्हणजे गेलेल्या माणसांचे फोटो, त्यांच्या आवडीचं खाणं, मेणबत्त्या आणि झेंडूच झेंडू. पहिल्या वर्षी मुलाच्या शाळेत ते बघितलं तेव्हा मला एकदम सर्वपित्री अमावास्येचं पान आठवलं. फरक इतकाच की आपण त्या दिवसांत आवाज खाली आणतो आणि ही माणसं गातात. झेंडू मूळचा तिकडचाच. आपण दसऱ्याला दाराला लावतो तो मेक्सिकोतून निघालेला आहे. चित्रपटात दोन जगांमधला पूल याच पाकळ्यांचा आहे.

इथली तीन-चार वर्षांची मुलं सांगाड्याच्या आकाराची साखर खात फिरतात, त्यांना त्यात भय वाटत नाही. पण त्यांनी ते आजीच्या कडेवर बसून बघितलेलं असतं. तुमच्या मुलीला तो सांगाडा थेट पडद्यावर, अनोळखी भाषेत भेटणार. या फरकाचा विचार करा असं वाटतं.

केवडा

बघितला. सगळे झोपल्यावर, आवाज बारीक करून. सविस्तर लिहिते, कारण पुढे कुणाला लागलं तर असावं.

सांगाड्यांबद्दल ओसरी म्हणतात ते खरं आहे. ते सुंदर आहेत. ज्या गोष्टींची धास्ती घेऊन बसले होते त्यातल्या निम्म्या निघून गेल्या आणि ज्यांचा विचारही केला नव्हता अशा समोर आल्या.

सुरुवातीलाच आजी रागाच्या भरात मिगेलची गिटार आपटून फोडते. त्याने स्वतः जोडून बनवलेली असते. माझी मुलगी तिथेच रडली असती.

मग ते फोटोचं. मृतांच्या दुनियेतून इकडे येताना तपासणी असते, आपण विमानतळावर करतो तशी. ज्याचा फोटो घरच्यांनी मांडलाय त्याला सोडतात. मिगेलला तिकडे भेटलेल्या हेक्तोरचा फोटो कुणी मांडलेला नसतो. तो तरीही पळून पुलावर जातो आणि पाकळ्यांत रुतत जातो. मोठ्या माणसाला यातून कळतं की आठवण ठेवणं महत्त्वाचं. पण माझ्या मुलीच्या बाजूने बघितलं तर हिशेब सरळ आहे. आमच्याकडे फोटो आहे, हार आहे, झेंडूही असतो. मग आबा का येत नाहीत? याचं उत्तर चित्रपटात नाही, कारण चित्रपटात ती येतात.

त्याहून कठीण म्हणजे जगात कुणालाच आठवत नाही असा माणूस तिकडूनही नाहीसा होतो. एक म्हातारा टांगलेल्या झोळीत पडल्यापडल्या गाणं ऐकतो आणि विरून जातो. हिला हे समजलं तर ती आबांना विसरायला घाबरेल. पावणेपाचव्या वर्षीच्या आठवणी पुढे किती टिकतात हो? मला माझे आजोबा आठवतच नाहीत, मी चारची होते. हे ओझं तिच्यावर नको.

एक मित्र दुसऱ्याला पेल्यातून विष देतो, तो रस्त्यात कोसळतो. हे शब्दांतून उलगडतं, तिला कदाचित कळणारही नाही.

आणि शेवट. मामा कोको ही पणजी खुर्चीत बसलेली असते, कुणाला ओळखत नाही. मिगेल तिच्यासमोर बसून तिच्या वडिलांचं गाणं गातो आणि तिचे ओठ हलायला लागतात. आबांच्या शेवटच्या आठवड्यात मुलगी त्यांच्या कॉटजवळ बडबडगीत म्हणायची तेव्हा ते बोटाने ताल धरायचे. मी हुंदके देऊन रडले. खूप मोलाचा चित्रपट आहे आणि एक दिवस तिने तो बघावाच असं वाटतं. पण या दिवाळीत नाही.

आता पेच हा की त्या रात्री तिला काय दाखवू? तिला वगळलं असं वाटायला नको.

ओसरी

'माय नेबर टोटोरो' बघा. १९८८ चा जपानी, ८६ मिनिटांचा, खलनायकच नाही. धाकटी मेई चार वर्षांची आहे, तुमच्या लेकीच्या जवळपासची.

तिसरी घंटा

+१. फक्त एक सांगतो, त्यात मुलींची आई दवाखान्यात असते. तिचं घरी येणं लांबतं तेव्हा मोठी बहीण घाबरून रडते की आई मेली तर. मेई हरवते, तळ्यात एक चप्पल सापडते, सगळं गाव शोधायला लागतं. शेवट चांगला होतो. एरवी मी हा तीन वर्षांच्या मुलालाही बिनधास्त दाखवा म्हटलं असतं.

केवडा

तिसरी घंटा, फार आभार. म्हणजे सगळ्या जगाला निरागस वाटणारा चित्रपटही आमच्या घरात आत्ता चालणार नाही. दवाखाना या शब्दानेच ती कावरीबावरी होते.

गोष्टीवेल्हाळ

चित्रपटच हवा असं कुठे आहे? या वयाला स्क्रीन दिवसाला तासभरापलीकडे नको असंच बालरोगतज्ज्ञ सांगतात. अर्ध्यात थांबवून दुसऱ्या दिवशी बघा असंही सांगणार नाही, कारण भीतीच्या जागी थांबलं तर ती भीती रात्रभर उशाला राहते. तिला दिवसभर दमवा. किल्ला करायला दादांबरोबर माती मळू दे. आठला झोपेल.

केवडा

दिवाळी होऊन गेली, काय झालं ते सांगते.

नणंदेला आधीच सगळं लिहून पाठवलं होतं. वडील तिचे गेलेत, तिला न विचारता काही ठरवायचं नव्हतं. मोठ्या भाच्याने ऐकलं आणि 'मामी, ती झोपल्यावर बघू, आवाज कमी ठेवू' असं आपणहून म्हणाला. किल्ल्याच्या मातीत मुलगी खरंच दमली, साडेआठला झोपली. आम्ही बघितला. नणंद शेवटी पदर डोळ्यांना लावून बसली होती. धाकटा भाचा उठून तिच्या मांडीवर जाऊन बसला, नऊ वर्षांचा.

सासूबाईंशी बोलून आम्ही दोघींनी मिळून मुलीला सांगितलं की आबा गावाला गेलेले नाहीत, ते मेले, परत येणार नाहीत. 'मेले' हा शब्द तोंडातून निघताना सासूबाईंचा आवाज फाटला, पण त्यांनी तो उच्चारला.

पाडव्याला दादांना ते गाणं गुणगुणताना ऐकून मुलीने विचारलं, कसलं गाणं? मी तिला गोष्ट मराठीत सांगितली, माझ्या शब्दांत. एक मुलगा गेलेल्या आजोबांना भेटतो, त्यांचं गाणं घेऊन घरी येतो आणि पणजीला ऐकवतो. वर्षातून एकदा ते भेटायला येतात, हा भाग गाळला. तिने विचारलं, मग त्याचे आजोबा परत आले? म्हटलं, नाही, तो परत आला, आजोबा तिकडेच राहिले. ती विचार करत राहिली आणि म्हणाली, 'मिरजेहून तिकडे गाडी जाते का?'

मी 'नाही, तिकडे गाडी जात नाही' एवढंच सांगितलं. ती गप्प बसली, मग चकली मागितली.

मी बरोबर बोलले का? गोष्टीवेल्हाळ ताई, बघितलंत तर लिहा. 'तिकडे' हा शब्दच मी वापरायला नको होता का, हे तीन दिवस डोक्यात घोळतंय.