जुन्या जेम रेझरचा कोन
भाऊ, आजोबांच्या जेम रेझरने, म्हणजे एकाच बाजूला धार असलेलं पातं लावायच्या जुन्या रेझरने, गाल सोलवटतो म्हणता, तर रेझर गालाशी तीस अंशांत धरायचा हा कुणी दिलेला सल्ला आधी सोडा. तो दुधारी रेझरचा. एकधारीचं डोकं गालावर जवळजवळ सपाट टेकवायचं, दांडा काटकोनात उभा, आणि जोर अजिबात नाही. पातं जाड असतं, सहसा वाकत नाही. पाठीला पत्र्याची पट्टी असलेलंच पातं घ्या. हार्डवेअरच्या दुकानात रंग खरवडायचं मिळतं ते दिसतं तसंच, पण दाढीचं नव्हे!

आणि आपल्या जळगावकडचं बोअरचं पाणी जड. फेस चढतच नाही, चढला तर उन्हाळ्यात गालावरच वाळतो. आरओ फिल्टरचं वाटीभर पाणी घ्या, ब्रश त्यातच भिजवा. शेवटी तुरटी फिरवा. झोंबेल तिथे जोर जास्त पडलाय.