मैदानावर श्रवणयंत्र काढून ठेवणारी मुलगी आणि टॅमिका कॅचिंग्ज

क्रीडाशिक्षिका, राजारामपुरी

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका मुलींच्या शाळेत बास्केटबॉल शिकवते. आमच्या संघातील आठवीच्या एका मुलीला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. वर्गात ती श्रवणयंत्र लावते, परंतु मैदानावर उतरण्यापूर्वी ते काढून दप्तरात ठेवते आणि मग मागून मारलेली हाकच काय, पंचांची शिट्टीही तिला ऐकू येत नाही. मुली हसतात, एवढेच कारण ती सांगते. येत्या शनिवारी संघापुढे अमेरिकेच्या, जन्मापासून कमी ऐकू येणाऱ्या बास्केटबॉलपटू टॅमिका कॅचिंग्ज यांच्याविषयी बोलावे असे मनात आहे. त्यांच्या पदकांची यादी माझ्यापाशी आहे. मात्र निवृत्तीनंतर त्यांनी मुलांसाठी केलेले काम खरोखर भरीव आहे की नामवंतांच्या नेहमीच्या देणग्यांपैकी एक, हे जाणकारांनी सांगावे. शिवाय त्या मुलीला न दुखावता ही गोष्ट कशी सांगावी?

जुनी खेळाडू, शाहूपुरी

बाई, प्रथम एक दुरुस्ती सुचवते. हे काम निवृत्तीनंतरचे नाही. ‘कॅच द स्टार्स’ ही संस्था कॅचिंग्ज यांनी २००४ मध्ये, म्हणजे व्यावसायिक खेळाच्या तिसऱ्याच हंगामात, आपल्या बहिणीच्या साथीने इंडियानापोलिसमध्ये सुरू केली आणि निवृत्ती घेतली ती २०१६ मध्ये. मधली बारा वर्षे सराव, सामने, दुखापती आणि परदेशातील हंगाम सांभाळून मुलांची शिबिरे, वाचनाचे उपक्रम आणि मार्गदर्शन चालू होते. अमेरिकेतील महिलांचा हंगाम उन्हाळ्यापुरता असल्यामुळे उरलेल्या महिन्यांत त्या दक्षिण कोरिया, रशिया, तुर्कस्तान अशा देशांतही खेळल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाचे वजन कळते.

त्यांचा जन्म १९७९ चा, आणि ऐकण्यातील दोष जन्मापासूनचा. वडील हार्वे कॅचिंग्ज हे स्वतः एन.बी.ए. या अमेरिकेतील पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत खेळलेले. शाळेतील मुले चिडवत म्हणून लहानग्या टॅमिकाने एके दिवशी घरी येताना श्रवणयंत्र गवतात भिरकावून दिले आणि आईवडिलांनी नवे घेऊन देण्यास नकार दिला. पुढची कितीतरी वर्षे त्यांनी पुढच्या बाकावर बसून, समोरच्याचे ओठ वाचून काढली. टेक्सासमधील शाळेकडून खेळताना १९९७ मध्ये एकाच सामन्यात त्यांनी २५ गुण, १८ रिबाउंड (हुकून उसळलेला चेंडू मिळवणे), ११ असिस्ट (बास्केट करणाऱ्या सोबतिणीला दिलेला पास), १० स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिरावणे) आणि १० ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याने बास्केटकडे फेकलेला चेंडू अडवणे) नोंदवले. पाचही रकान्यांत दोन आकडी संख्या! हे वाचून मी वही उघडून पुन्हा मोजले होते.

टेनेसी विद्यापीठात प्रशिक्षक पॅट समिट यांनी त्यांना पुन्हा श्रवणयंत्र लावण्यास प्रवृत्त केले. तुमच्या शनिवारसाठी हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण कॅचिंग्ज तेव्हा आधीच उत्तम खेळाडू होत्या. यंत्र लावल्यामुळे त्या खेळाडू झाल्या नाहीत आणि ते लावल्यामुळे त्यांचे खेळाडूपण उणेही झाले नाही. डब्ल्यू.एन.बी.ए. या महिलांच्या व्यावसायिक स्पर्धेतील कारकिर्दीत त्यांनी १,०७४ स्टील केले. प्रतिस्पर्ध्याचा पास हातातून सुटण्याआधीच तो ओळखण्याची ती नजर ओठ वाचण्याच्या सवयीतून तयार झाली असावी, असे माझे मत आहे. पुरावा मात्र मागू नका.

बाकी यादी तुमच्याकडे आहेच: २०११ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान, २०१२ मध्ये इंडियाना फीव्हर या त्यांच्या संघाचे विजेतेपद, २००४ ते २०१६ या काळात ऑलिंपिकची चार सुवर्णपदके. २०१७ मध्ये त्यांनी इंडियानापोलिसमधील आपले नेहमीचे चहाचे दुकान बंद पडू नये म्हणून विकत घेतले. आपल्याकडेही सामन्याचा निम्मा निकाल चहाच्या गाड्यावरच लागतो, त्यामुळे कोल्हापूरकरांना या खरेदीचे अप्रूप वाटणार नाही.

एका कर्णबधिर मुलाचा बाप, कसबा बावडा

बाई, यंत्र काढण्याचे कारण नेहमी लाज हेच असते असे समजू नये. घामाने यंत्र बिघडेल, पडून फुटेल आणि घरी बोलणी बसतील, ही भीती मुले बोलून दाखवत नाहीत. आमच्या मुलाने वर्षभर हेच केले. रुंद हेडबँड लावल्यावर यंत्र जागचे हलेनासे झाले आणि खेळ संपताच ते पुसून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवण्याची सवय लागली. धक्काबुक्कीच्या खेळात ते लावावे की नाही, हे मात्र तिच्या श्रवणतज्ज्ञांना विचारून ठरवा. तसेच चालींसाठी हाताच्या खुणा ठरवायच्या असतील तर त्या एकटीसाठी नव्हे, सगळ्या संघासाठी ठरवा.

तालमीतला, मंगळवार पेठ

गोष्ट चांगली आहे, पण अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज काय? खासबागेच्या गावात कुस्तीचे उदाहरण लवकर पोहोचते. हरियाणाचे मल्ल वीरेंदर सिंग यांनी कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके जिंकली आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या स्पर्धेत उतरताना श्रवणयंत्र काढूनच ठेवावे लागते, हेही मुलींना सांगावे.

जुनी खेळाडू, शाहूपुरी

दादा, वीरेंदर सिंग यांच्याविषयी आदर आहेच. पण ही मुलगी ऐकू येणाऱ्या मुलींच्या संघात खेळते, आणि कॅचिंग्जही तशाच संघांत खेळल्या. बाईंची अडचण नेमकी तिथे आहे.

क्रीडाशिक्षिका, राजारामपुरी

सर्वांचे आभार. बावड्याच्या दादांचे वाचून आज तिला बाजूला घेऊन विचारले. यंत्र फुटले तर दुसरे मिळणार नाही, असे तिच्या आईने बजावले आहे; हसण्याची गोष्ट तिने मला पटावी म्हणून सांगितली होती. शनिवारचे बोलणे तूर्त पुढे ढकलले आहे. उद्या हेडबँड आणते आणि तिच्या आईला भेटायला जाते. खुणा मात्र मुलींनी आजच बसवायला घेतल्या असून त्यांतल्या दोन तिनेच सुचवल्या आहेत.