एसीसी २०३० नंतर टिकेल का? अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या पुढच्या फाटाफुटीचे अंदाज

पलूसवाला
फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन या विद्यापीठांचे एसीसीशी, म्हणजे ती ज्या कॉन्फरन्समध्ये (एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात) आहेत तिच्याशी, चाललेले खटले मार्च २०२५ मध्ये तडजोडीने मिटले, तेव्हापासून साडेसात कोटी डॉलर हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. एसीसी सोडण्याचा दंड दरवर्षी उतरत २०३०-३१ मध्ये तिथवर येणार. दंड भरा, आपले टीव्ही हक्क घ्या आणि निघा. बिग टेन या दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्सचा फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी असलेला टीव्ही करारही २०२९-३० च्या मोसमाबरोबर संपतो. माझा अंदाज असा की फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन जातील, नॉर्थ कॅरोलायनाही जाईल आणि मागे उरलेल्यांची आमच्यासारखी गत होईल.

आमची गत कशी झाली ते सांगतो. मी वॉशिंग्टन स्टेटमध्ये एमएस केलं. पुलमन म्हणजे गव्हाच्या टेकड्यांमधलं लहानसं गाव. सामन्याच्या शनिवारी तिथे पार्किंग मिळत नाही. ४ ऑगस्ट २०२३ ला एका दिवसात पाच विद्यापीठांनी आमची कॉन्फरन्स, पॅक-१२, सोडायचं ठरवलं. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, युटा आणि ॲरिझोनातली दोन्ही बिग १२ या आणखी एका कॉन्फरन्सकडे. महिन्याभरात स्टॅनफर्ड आणि बर्कली एसीसीत. उरलो आम्ही आणि ओरेगन स्टेट. १९१५ पासूनचा वारसा सांगणारी कॉन्फरन्स, आणि तिच्यात दोन संघ!

माझं म्हणणं एवढंच: मोठ्या संघांना हवं तर फुटबॉल वेगळा काढा, पण बाकीचे खेळ शेजाऱ्यांमध्येच राहू द्या.

कोलंबसकर
पलूसवाला, तुमचं दुःख खरं आहे, पण दोष बिग टेनच्या माथी मारू नका. पॅक-१२ ला चांगला टीव्ही करार वेळेत जमवता आला नाही. शेवटी हाती होता तो ॲपलचा प्रस्ताव, ज्यात पैसा ग्राहक किती मिळतील त्यावर अवलंबून होता. अशा भरवशावर कुठलं विद्यापीठ थांबेल?

शिवाय खेळ सुधारला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओरेगनने ओहायो स्टेटला ३२-३१ असं हरवलं. मी टीव्हीसमोर उभा राहून शेवटची दहा मिनिटं पाहिली. असा सामना पूर्वी कधीतरीच व्हायचा, आता तो बिग टेनचाच भाग आहे. आणि फुटबॉलच्या पैशावरच पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स चालतं हेही विसरू नका.

मृद्गंध
कोलंबसकर, त्या "बाकीच्या खेळां"मध्ये माझी मुलगी आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात व्हॉलीबॉल खेळते. मागच्या मोसमात पूर्वेकडून सामना खेळून रात्री दोनला खोलीवर पोचली आणि सकाळी आठला केमिस्ट्रीची लॅब. फोनवर आवाज ओळखू येत नव्हता. फुटबॉलवाले मोसमात जेमतेम बारा-तेरा सामने खेळतात, तेही बहुतेक शनिवारी. या मुली त्याच्या दुपटीहून जास्त खेळतात. सिॲटलहून न्यू जर्सीतल्या रटगर्सला जायचं म्हणजे जवळजवळ चार हजार किलोमीटर. पैसा त्यांच्यासाठी येतो म्हणता, मग वेळापत्रक त्यांचा विचार करून का होत नाही?

ऑस्टिनचा काका
मी कोलंबसकरांच्या बाजूने. फेरबदलाने सगळं मोडतंच असं नाही. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम २०११ नंतर एकमेकांशी खेळतच नव्हते. ए अँड एम ज्या एसईसी कॉन्फरन्समध्ये होतं तिच्यात टेक्सासही आलं म्हणून २०२४ मध्ये तो सामना परत सुरू झाला. आमच्या शेजारचे आजोबा त्या रात्री रडले. आणि एसएमयू (सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठ) बघा, नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला हिस्सा सोडून एसीसीत शिरले आणि पहिल्याच वर्षी प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत, पोचले. दार बंद ठेवलं असतं तर?

पलूसवाला
काका, टेक्सासबरोबर ओक्लाहोमाही एसईसीत गेलं, म्हणून ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेटचा शंभर वर्षांहून जुना सामना २०२३ नंतर थांबला. एक जोडी जुळली, दुसरी तुटली, आणि दोन्ही वेळा त्या दोन गावांना कोणी विचारलं नाही.

कोलंबसकर, करार जमला नाही हे मान्य. पण खेळ वेगळे काढणं अशक्य नाही. नोत्र दाम फुटबॉल स्वतंत्रपणे खेळतं आणि त्यांचे बहुतेक खेळ एसीसीत आहेत. एका विद्यापीठाला जमतं ते बिग टेनच्या अठरांना का जमू नये?

कोलंबसकर
नोत्र दामला स्वतःचा एनबीसी करार आहे, तो रटगर्सला कोण देईल? तरी व्हॉलीबॉलबद्दल मृद्गंध म्हणतात ते मला पटलं. तो खेळ विभागवार व्हायला हवा. एसीसीबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. क्लेमसनला बाहेर जास्त मिळत असेल तर ते जाणारच.

पलूसवाला
जातील, मलाही तेच दिसतंय. म्हणून जुने सामने तरी आधी लेखी बांधून घ्या. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेटचा ॲपल कप पूर्वी नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास व्हायचा; पुलमनला कधी बर्फातसुद्धा. २०२४ मध्ये तो सप्टेंबरात झाला. आम्ही २४-१९ ने पुढे, वेळ मिनिटभर, त्यांचा चौथा डाउन (शेवटचा प्रयत्न) आमच्या गोलरेषेपासून एक यार्डावर, आणि आमच्या पोरांनी अडवलं. माझ्या शेजारी वॉशिंग्टनच्या जांभळ्या जर्सीतला एक अनोळखी माणूस डोकं धरून बसला होता. नंतर त्यानेच हात पुढे केला. २०२३ मध्ये झालेला या सामन्याचा करार २०२८ पर्यंतचा होता. तो आधी वाढवा, मग २०३० चे अंदाज बांधू.