पोटगी बंद केली त्यानं, हायकोर्टात अवमान याचिका टाकू की वसुली?

मानेवाडावाली:
इथंच फॅमिली कोर्टात घटस्फोट झाला माझा, मी अन् मुलगी मिळून महिन्याला १२,००० ठरले. आधी बरोबर खात्यात यायचे, दिवाळीपासून बंद. विचारलं तर म्हणते कंपनीत पगारच उशिरा होऊन राहिला (बुटीबोरीत आहे), अन् इकडे स्टेटसला नवीन गाडी. ओळखीतले एक वकील म्हणाले हायकोर्टात कंटेम्प्ट टाका, आठवड्यात पैसे येतील, पण फी अशी सांगितली की दोन महिन्यांची पोटगी त्यातच जाईल. काकू म्हणतात पोलिसात जा. कंटेम्प्टनं खरंच पैसे मिळतात का? शाळेची फी भरायची आहे हो.

संत्रानगरी:
टाका ताई सरळ कंटेम्प्ट. जेलची हवा खाल्ली की कसा नाही देत पाहू. अशा लोकांले असंच पाहिजे.

काळाकोट:
बावा, रागात सल्ला देणं सोपं असते. ताई, आधी सर्टिफाइड कॉपी काढा अन् आदेश कोणत्या कलमाखाली आहे ते बघा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा असेल (जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४) तर त्याच कोर्टात वसुलीचा अर्ज, वॉरंट निघते, तरी नाही भरलं तर थकलेल्या एकेका महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद. पण पैसे देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज पाहिजे, अन् लोक "देतो देतो" ऐकत वर्ष घालवून बसतात. आत जाऊन आला म्हणून बाकी फिटत नाही, हे सुप्रीम कोर्टानं कुलदीप कौर प्रकरणात सांगून ठेवलं आहे.

पोटगी घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातच असेल तर मग दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज. त्यात पगारावर जप्ती येते, पोटगीच्या वसुलीत पगाराचा एक तृतीयांशच जप्तीतून सुटतो. नोकरीवाल्यावर याच्यासारखं औषध नाही, कंपनीच कापून कोर्टात भरते.

कंटेम्प्टमध्ये कमाल सहा महिने कैद, २,००० दंड, किंवा दोन्ही. तो दंड काही तुमच्या खात्यात येत नाही. शिवाय जाणूनबुजून आदेश मोडला हे दाखवावं लागते, अन् वसुलीचा रस्ता उघडा असला की हायकोर्ट सहसा तिकडेच जा म्हणते. पोलिसांचं यात काम नाही, वॉरंट निघाल्यावरच.

मानेवाडावाली:
कॉपी पाहिली. म्युच्युअलचा (दोघांच्या संमतीचा) आहे, सोबत कन्सेंट टर्म्स (ठरलेल्या अटी) आहेत अन् त्यात "दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत भरीन अशी न्यायालयास हमी देतो" असं लिहून खाली त्याची सही. यानं काही फरक पडते का?

काळाकोट:
लय फरक पडते, हे आधी सांगायचं ना! कोर्टाला दिलेली हमी मुद्दाम मोडणं म्हणजे १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्यात दिवाणी अवमानच. तुमचे वकील अगदी हवेत नव्हते म्हणायचे, "आठवड्यात पैसे" सोडून. तरी दरखास्त आत्ताच टाका, पैसे तिथूनच येतील. तिला १२ वर्षं मुदत आहे, अवमानाला एकच, म्हणून दिवाळीचा महिना ध्यानात ठेवा अन् त्याला हमीचा उल्लेख करून वकिलाची नोटीस पाठवून द्या. पुष्कळ जण नोटिशीवरच थोडेफार भरतात.

वर्धारोडची मावशी:
फीसाठी अडून बसू नको बाई. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बायकांना उत्पन्न न बघता फुकट वकील देतात, हायकोर्टासाठीही वेगळी उपसमिती आहे. माझ्या भाचीनं तिथूनच केलं. वकील तरुण होती पण तारखेला हजर असायची, पैसे घेणाऱ्यांपेक्षा बरी. अन् हो, स्टेटसचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेव. भाचीचा नवरा पगार नाही म्हणून रडत होता, मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागितल्यावर दोन खाती निघाली त्याची.

मानेवाडावाली:
स्क्रीनशॉट काढले मावशी. पगाराची स्लिप नाही माझ्याजवळ, कंपनीचं नाव-पत्ता चालेल ना?

काळाकोट:
चालते. पगार जिथून निघतो तो पत्ता पाहिजे फक्त, जप्तीचा आदेश तिकडेच जाते. हेड ऑफिस मुंबई-पुण्यात असेल तर तोही लिहून ठेवा.