मदत हवी आहे: स्पर्धेच्या पत्रकात 'जिच' छापू का?

आमच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत गणपतीत बुद्धिबळ स्पर्धा आहे. दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यापासून मुलींची नावं भराभर येतायत, शिवाय आजोबा मंडळींनीही शड्डू ठोकलाय. नियमांचं मराठी पत्रक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शह, मात, बरोबरी इथपर्यंत गाडी सुरळीत आली, अडलंय ते 'स्टेलमेट'पाशी.

कोणती स्थिती म्हणतोय ते सांगतो. काळ्याचा एकटा राजा ए८ वर, पांढऱ्याचा राजा सी६ वर. पांढऱ्याने वजीर बी७ वर नेला तर सरळ मात. तोच बी६ वर ठेवला तर काळ्याला शह बसत नाही, पण ए७, बी७ आणि बी८ ही तिन्ही घरं वजिराच्या माऱ्यात. खेळी काळ्याची, आणि नियमात बसणारी एकही खेळी शिल्लक नाही. डाव तिथेच बरोबरीत, दोघांना अर्धा अर्धा गुण. वजीर जास्तीचा असलेला पोरगा इथे हमखास भांडतो, त्यामुळे नियम मोघम लिहून चालणार नाही.

आजोबा लोक याला 'जिच' म्हणतात. पोरांनी हा शब्द ऐकलेलाच नाही. समितीतले एक काका म्हणाले 'कोंडी' लिहा. पण घोडबंदरला राहून कोंडी म्हटलं की डोळ्यांसमोर गायमुखचा घाटच येणार! माझे प्रश्न: 'जिच' आज लोकांना कळेल का? 'जिच झाली' म्हणायचं की 'जिच निर्माण झाली'? आणि बातम्यांमध्ये 'वाटाघाटीतली जिच फुटली' असं येतं, ते कसं काय? पटावर तर काही फुटत नाही.

प्रतिसाद

बिनधास्त छापा. शह, मात, वजीर, प्यादं, सगळे फारसीच्या वाटेनेच आलेत, जिचही त्यातलीच. पोरांना 'वजीर' चालतो तर हाही चालेल. पहिल्यांदा येईल तिथे 'जिच म्हणजे स्टेलमेट' एवढं लिहा, पुढे नुसतं जिच. पटावर 'जिच झाली' पुरेसं आहे. 'निर्माण झाली' हे अग्रलेखाचं मराठी, संप नाहीतर जागावाटपासाठी राखून ठेवा.

प्रतिसाद

'फुटली'बद्दल. बातमीतली जिच म्हणजे दोन्ही बाजू अडून बसल्यात, कोणी एक पाऊल मागे घेतलं की मार्ग निघतो. तिथे तिढा किंवा कोंडी हेच शब्द खरं तर जास्त चपखल. पटावर अडतो तो एकच, ज्याची खेळी आहे तो, आणि डाव लगेच संपतो. म्हणून पत्रकात कोंडी नको, उद्या कोणी तरी 'मग कोंडी फोडू द्या' म्हणेल.

आणखी एक. आजोबांशी आधीच बोलून घ्या. जुन्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालायचं, राजाला एकदा घोड्यासारखी उडी मिळायची. जिचेबद्दलही घरोघरी वेगळे रिवाज होते. आमच्याकडे ती खेळी मागे घेऊन दुसरी करायला लावत. यात नवल नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जिच करणाराच हरला असं धरत, आणि चिनी बुद्धिबळात आजही ज्याला खेळी उरत नाही तो हरतो. आंतरराष्ट्रीय नियमात मात्र बरोबरीच.

धागाकर्ता

दोघांचे आभार. रिवाजाचं डोक्यातच आलं नव्हतं, समितीतल्या काकांनाही ते पटलं. मसुदा असा केलाय:

'ज्याची खेळी आहे त्याच्या राजाला शह नसेल, पण त्याला राजाची किंवा इतर कोणत्याही मोहऱ्याची नियमात बसणारी खेळी करता येत नसेल, तर जिच (स्टेलमेट) झाली असे समजावे. डाव बरोबरीत सुटेल. जिच करणारी खेळी मागे घेता येणार नाही.'

'इतर कोणत्याही मोहऱ्याची' हे मुद्दाम घातलंय. राजा अडकला तरी कोपऱ्यातलं एखादं प्यादं चालत असतं, आणि पोरं आधीच 'ड्रॉ, ड्रॉ' ओरडून मोकळी होतात. रविवारी छापायला देतोय, काही खटकलं तर त्याआधी सांगा.